जॉब शेड्युलरमधील वापरकर्ता-परवानग्यांची चाचणी : रूढ पद्धतीची चिकित्सा

बीजशब्द : जॉब शेड्युलर, वापरकर्ता-परवानगी, क्रॉन, टास्क शेड्युलर, नकारात्मक चाचणी, मुखत्यारी

प्रस्तावना

ठरलेले काम ठरलेल्या वेळी, माणसाच्या उपस्थितीवाचून, संगणकाकडून करवून घेणाऱ्या प्रणालीस जॉब शेड्युलर असे म्हणतात. बँकेतील व्याजाची आकारणी, महिनाअखेरची पगारपत्रके, रात्री घेतल्या जाणाऱ्या माहितीच्या प्रती, निकालाच्या याद्या, ग्राहकांना जाणारे संदेश अशी असंख्य कामे आज या प्रणालींच्या स्वाधीन आहेत. कार्यालय बंद असते, दिवे मालवलेले असतात आणि काम मात्र चालू असते. हे काम कोणाच्या अधिकाराने चालू आहे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो अधिकार, उत्तरदायित्व आणि विश्वास यांच्याशी निगडित आहे. त्यामुळे वाणिज्य, विधी व लोकप्रशासन या विषयांच्या अभ्यासकांनाही तो परका नाही.

जॉब कोणी तयार करावा, कोणी बदलावा, कोणी चालवावा, कोणी थांबवावा आणि त्याचा निकाल कोणी पाहावा हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस वापरकर्ता-परवानगी व्यवस्थापन म्हणता येईल. या व्यवस्थेची चाचणी घेण्याची एक पद्धत आता रूढ झाली आहे. त्या पद्धतीतील गृहीतकांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही पद्धत टाकाऊ आहे असे येथे म्हणावयाचे नाही. ती अपुरी आहे, आणि जेथे ती अपुरी पडते नेमक्या त्याच ठिकाणी जॉब शेड्युलर इतर संगणकप्रणालींहून वेगळा ठरतो, असे येथील प्रतिपादन आहे.

कोष्टक आणि त्याच्या मर्यादा

परवानग्यांकडे कोष्टकाच्या रूपाने पाहण्याची दृष्टी बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये मांडली. आडव्या ओळीत व्यक्ती, उभ्या स्तंभात वस्तू आणि प्रत्येक चौकोनात त्या व्यक्तीचे त्या वस्तूवरील अधिकार, अशी ती रचना आहे. पुढे १९९२ मध्ये डेव्हिड फेराइओलो व रिचर्ड कून यांनी व्यक्तीच्या जागी भूमिका आणली. लिपिक, पर्यवेक्षक, व्यवस्थापक अशा भूमिकांना अधिकार द्यावेत आणि व्यक्तीला भूमिका द्यावी, ही कल्पना कार्यालयीन व्यवहाराशी इतकी जुळणारी होती की ती लवकरच सर्वमान्य झाली. आजचा चाचणीकार हातात घेतो ते कोष्टक या दोन कल्पनांच्या संयोगातून आलेले आहे. एका बाजूस भूमिका, दुसऱ्या बाजूस क्रिया, चौकोनात 'होय' अथवा 'नाही'. प्रत्येक भूमिकेने लॉगिन करावयाचे, प्रत्येक क्रिया करून पाहावयाची आणि निकाल कोष्टकाशी ताडून पाहावयाचा.

या पद्धतीचे गुण नाकारता येत नाहीत. कोष्टक कोणालाही वाचता येते. तांत्रिक ज्ञान नसलेल्या प्रशासकालाही त्यावर बोट ठेवून 'हा अधिकार लिपिकाला कसा?' असे विचारता येते. तीच चाचणी पुन्हा पुन्हा घेता येते. तथापि प्रत्यक्ष व्यवहारात कोष्टकाचा अर्धाच भाग मनापासून तपासला जातो. 'होय' लिहिलेले चौकोन तपासले गेले नाहीत तर वापरकर्ता दुसऱ्याच दिवशी तक्रार करतो. 'नाही' लिहिलेले चौकोन तपासले गेले नाहीत तर तक्रार करणारे कोणीच नसते. ज्याला नको ते करता आले तो सांगायला येत नाही. ओवास्प या संघटनेच्या वेब-प्रणालींमधील धोक्यांच्या यादीत २०१७ साली पाचव्या स्थानावर असलेला प्रवेश-नियंत्रणातील दोष २०२१ च्या यादीत पहिल्या स्थानावर आला, यामागे ही उपेक्षाही असणार. शिवाय पडद्यावर बटण दिसत नाही म्हणजे ते काम करता येत नाही, असा निष्कर्ष काढण्याची सवय चाचणीकारांमध्ये मोठी आहे. बटण लपविणे ही सौजन्याची बाब आहे. सर्व्हरवर येणारी विनंती नाकारणे ही सुरक्षेची बाब आहे. पहिल्याची चाचणी घेऊन दुसऱ्याविषयी प्रमाणपत्र देणे तर्काला धरून नाही.

चौकोनांची संख्या वाढली की ती कमी करण्यासाठी जोडीनिहाय चाचणीचा मार्ग सुचविला जातो. प्रत्येक दोन घटकांची प्रत्येक जोडी किमान एकदा तपासली गेली की पुरे, असे तिचे सूत्र आहे. समजा, ५ भूमिका, ८ क्रिया आणि जॉबच्या ४ अवस्था आहेत : मसुदा, प्रतीक्षेत, चालू व संपलेला. एकूण संयोग १६० होतात. जोडीनिहाय पद्धतीने योग्य मांडणी केल्यास ४० चाचण्यांत सर्व जोड्या बसतात. बचत डोळ्यांत भरणारी आहे. परंतु परवानगी ही मुळातच तीन घटकांतील संबंध आहे. 'पर्यवेक्षकाने चालू जॉब बदलू नये' या नियमात भूमिका, क्रिया व अवस्था तिन्ही एकत्र आल्याशिवाय नियमाला अर्थच उरत नाही. ४० चाचण्यांत असे ४० त्रिकसंयोग तपासले जातात आणि १२० तसेच राहतात. मुद्रणयंत्र आणि कागदाचा आकार यांच्या सुसंगतीसाठी जी काटकसर शहाणपणाची आहे, ती परवानग्यांच्या बाबतीत धोक्याची ठरते. यंत्राने १६० चाचण्या घेण्यास काही मिनिटे लागतात हे लक्षात घेता ही काटकसर कशासाठी, हाही प्रश्न आहेच.

याहून मूलभूत मर्यादा वेगळीच आहे. कोष्टकात काळाला जागा नाही. सामान्य प्रणालीत परवानगी विचारली जाते तो क्षण आणि कृती घडते तो क्षण जवळजवळ एकच असतो. जॉब शेड्युलरमध्ये सोमवारी जॉब लिहिला जातो, बुधवारी लिहिणाऱ्याची बदली होते आणि शुक्रवारी रात्री जॉब चालतो. कोष्टक फक्त सोमवारविषयी बोलते.

जेरोम सॉल्टझर व मायकल श्रोडर यांनी १९७५ मध्ये माहिती-संरक्षणाची जी तत्त्वे मांडली त्यांत प्रत्येक प्रवेशाच्या वेळी अधिकार नव्याने तपासावा, असे एक तत्त्व आहे. पूर्वीच्या तपासणीचा निकाल जपून ठेवून पुढे वापरण्याविषयी त्यांनी साशंक राहण्यास सांगितले होते. जॉब शेड्युलर हा तर पूर्वीच्या तपासणीचा निकाल जपून ठेवण्यावरच उभा आहे. म्हणूनच त्याच्या चाचणीत 'कोण काय करू शकतो' याच्या जोडीला 'कोणत्या क्षणी विचारले' हा प्रश्न अपरिहार्य ठरतो.

क्रॉन : एक बोलके उदाहरण

युनिक्समधील क्रॉन हा जॉब शेड्युलरांचा मूळपुरुष म्हणावा लागेल. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील क्रॉनपुढे परवानगीचा प्रश्नच नव्हता. एकच फाईल, एकच मालक. सर्व आज्ञा एकाच नावाने चालत. अनेक वापरकर्त्यांना आपापली वेळापत्रके ठेवता येऊ लागली तेव्हा हा प्रश्न निर्माण झाला. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली आवृत्ती आणि तिची वंशावळ आजच्या बहुतेक लिनक्स संगणकांवर आहे. तिच्यात परवानगीसाठी दोन फायली असतात : क्रॉन.अलाउ आणि क्रॉन.डिनाय. पहिली असेल तर तिच्यात नाव असलेल्यालाच परवानगी. पहिली नसून दुसरी असेल तर तिच्यात नाव असलेल्याला मनाई. दोन्ही नसतील तर काय, याचे उत्तर मात्र प्रणालीगणिक बदलते. पॉसिक्स हे मानक अशा वेळी केवळ विशेषाधिकार असलेल्यास मुभा देते. डेबियनमध्ये सर्वांनाच मुभा मिळते. एकाच प्रश्नाला दोन प्रतिष्ठित ठिकाणी परस्परविरुद्ध उत्तरे आहेत. एका संगणकावर उत्तीर्ण झालेली चाचणी दुसऱ्या संगणकाविषयी काहीच सांगत नाही, एवढे यातून निश्चित होते.

खरा मुद्दा यापुढचा आहे. या दोन फायली वाचतो कोण? क्रॉनटॅब ही आज्ञा, म्हणजे वेळापत्रक लिहिण्याचे साधन. वेळापत्रक अमलात आणणारा क्रॉन या फायलींकडे पाहत नाही. परिणामी, एखाद्या वापरकर्त्याचे नाव मनाईच्या यादीत घातले तर त्याला नवे जॉब लिहिता येत नाहीत. परंतु त्याने आधी लिहून ठेवलेले जॉब पूर्ववत चालू राहतात. एवढेच नव्हे, मनाई झाल्यावर त्याला आपलेच जॉब पाहता येत नाहीत आणि काढूनही टाकता येत नाहीत, कारण पाहण्या-काढण्याचे साधनही तीच क्रॉनटॅब आज्ञा आहे. ज्याचा अधिकार काढून घेतला त्याची कामे चालू आहेत आणि ती थांबविण्याची ताकद फक्त त्याच्याकडून गेली आहे, अशी ही विलक्षण स्थिती होय.

रूढ कोष्टकातून ही गोष्ट कधीच दिसणार नाही. कोष्टकाप्रमाणे चाचणी अशी होईल : नाव मनाईच्या यादीत घातले, वापरकर्त्याने जॉब लिहून पाहिला, नकार मिळाला, चाचणी उत्तीर्ण. चाचणीत चूक काहीच नाही. फक्त तिने प्रश्न अर्धा विचारला. जॉब आधी लिहून मग मनाई करावयाची आणि मग घड्याळ पुढे सरकण्याची वाट पाहावयाची, हा क्रम कोष्टकात लिहिण्याची सोय नाही. हा दोष क्रॉनचा म्हणावा की नाही, याबद्दल मतभेद संभवतात. त्याच्या कर्त्यांनी मनाईची व्याप्ती वेळापत्रक लिहिण्याच्या साधनापुरतीच ठेवली, आणि ते साधन तेवढेच करते. परंतु 'क्रॉन वापरण्यास मनाई' असे नाव असलेल्या फायलीकडून प्रशासकाची अपेक्षा काय असते, हे पाहिल्यास दोष कोठेतरी आहे हे मान्य करावे लागते. तो आज्ञावलीत नसून आज्ञावली आणि तिच्याविषयीची समजूत यांच्यामधल्या फटीत आहे. चाचणीचे काम अशा फटी शोधण्याचेही आहे.

टास्क शेड्युलरचे दोन धडे

विंडोजमधील टास्क शेड्युलरच्या इतिहासात दोन घटना या विषयाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहेत.

पहिली घटना स्टक्सनेटची. जून २०१० मध्ये उघडकीस आलेला हा संगणकविषाणू इराणमधील नतांझ येथील युरेनियम-समृद्धीकरणाच्या यंत्रणेस लक्ष्य करणारा म्हणून जगभर गाजला. त्याने वापरलेल्या अज्ञात दोषांपैकी एक टास्क शेड्युलरमध्ये होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध केली. व्हिस्टा व त्यापुढील आवृत्त्यांत प्रत्येक जॉबची एक एक्सएमएल फाईल असते. जॉब कोणाच्या नावाने चालवावा हेही त्याच फायलीत लिहिलेले असते. आणि ज्याने जॉब तयार केला त्याला ती फाईल बदलता येत असे. मग सामान्य वापरकर्त्याने तेथे सर्वाधिकारी खात्याचे नाव लिहिले तर? रचनाकारांनी ही शंका घेतली नव्हती असे नाही. शेड्युलर फाईलचा सीआरसी-३२ हा बेरीजवजा आकडा काढून वेगळा जपून ठेवत असे आणि चालविण्याआधी तो पुन्हा काढून ताडून पाहत असे. सीआरसीचा शोध दूरसंचाराच्या तारेवर आपोआप झालेल्या चुका पकडण्यासाठी लागला. कोणी हेतुपुरस्सर केलेली लबाडी पकडणे हे त्याचे कामच नव्हे. फाईलमध्ये चार बाइट हवे तसे भरले की हवा तो आकडा जुळविता येतो. स्टक्सनेटने नेमके तेच केले. मालकाचे नाव बदलले, आकडा जुळवून दिला आणि शेड्युलरने परक्याच्या हस्ताक्षरातील हुकूम सर्वाधिकाऱ्याच्या नावाने बजावला.

चाचणीच्या दृष्टीने येथे काय शिकावयाचे? 'फाईल बदलल्यास जॉब चालू नये' ही चाचणी येथे घेतली असती तर ती उत्तीर्णच झाली असती, कारण चाचणीकाराने फाईल सहज, कशीही बदलली असती आणि आकडा जुळला नसता. विरोधकाच्या बुद्धीने फाईल बदलणे ही निराळी कला आहे. चुकीची चाचणी आणि लबाडीची चाचणी या दोहोंत फरक करण्याची शिस्त चाचणीच्या अध्यापनात अजून पुरेशी रुजलेली नाही.

दुसरी घटना ऑगस्ट २०१८ ची. टास्क शेड्युलरमधील एका दोषाचा तपशील, वापरण्यायोग्य आज्ञावलीसह, ट्विटरवर जाहीर झाला. दुरुस्ती ११ सप्टेंबर २०१८ रोजी आली. तोवर हल्लेखोरांनी त्याचा वापर सुरूही केला होता. जॉबची परवानगी बदलण्यासाठी शेड्युलर जी सेवा पुरवितो, तिच्यातच हा दोष होता. ही सेवा वापरकर्त्याच्या वतीने फाईलवरील परवानग्या बदलत असे, पण बदलताना वापरकर्त्याचा अधिकार न तपासता स्वतःच्या अधिकाराने बदलत असे. ज्या फोल्डरमध्ये ती फाईल शोधली जाई तेथे सामान्य वापरकर्त्यालाही फाईल ठेवता येत होती. त्याने तेथे फायलीऐवजी प्रणालीच्या एखाद्या महत्त्वाच्या फायलीकडे जाणारा दुवा ठेवला की शेड्युलर आज्ञाधारकपणे त्या फायलीच्या परवानग्या मोकळ्या करून देई. परवानगी व्यवस्थापनाचे साधनच परवानगी मोडण्याचे साधन झाले. चाचणी-योजनांमध्ये 'परवानगी बदलणे' ही क्रिया बहुधा तयारीची पायरी म्हणून येते, चाचणीचा विषय म्हणून क्वचितच. पुढील वर्षी, मे २०१९ मध्ये, याच शेड्युलरच्या जुन्या स्वरूपातील जॉब आयात करण्याच्या मार्गात असाच एक दोष उघड झाला, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे.

मुखत्यार कोणाचा?

या दोन्ही घटनांच्या मुळाशी एक जुनी अडचण आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये तिला नाव दिले; मराठीत त्याला 'गोंधळलेला मुखत्यार' म्हणता येईल. त्यांनी सांगितलेली हकीकत एका कंपायलरची आहे. वापराची नोंद ठेवण्यासाठी त्याला प्रणालीच्या एका विशिष्ट विभागात लिहिण्याचा अधिकार होता. त्याच विभागात ग्राहकांच्या देयकांची फाईलही होती. एका वापरकर्त्याने आपली माहिती कोठे लिहावी म्हणून कंपायलरला नेमके त्या फाईलचे नाव दिले आणि कंपायलरने देयके पुसून टाकली. वापरकर्त्याला ती फाईल लिहिता येत नव्हती. कंपायलरला येत होती. मुखत्याराकडे दोन धन्यांचे अधिकार होते आणि आपण आता कोणाच्या वतीने वागतो आहोत हे त्याला कळत नव्हते.

जॉब शेड्युलर हा जन्मजात मुखत्यार आहे. जेन्किन्स या सुपरिचित प्रणालीत, वेगळी व्यवस्था केली नाही तर, जॉब हे प्रणालीच्या स्वतःच्या सर्वाधिकारी ओळखीने चालतात, मग ते कोणीही सुरू केलेले असोत. कुबर्नेटिसमध्ये एखाद्या विभागात क्रॉनजॉब तयार करण्याची परवानगी देणे म्हणजे त्या विभागातील कोणत्याही सेवा-खात्याच्या नावाने काम करवून घेण्याची परवानगी अप्रत्यक्षपणे देणेच होय. हे त्या त्या प्रणालींच्या माहितीपुस्तकांत स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही 'जॉब बदलण्याची परवानगी' ही कोष्टकात एक साधी ओळ म्हणून बसते आणि तिच्या पोटात केवढे अधिकार दडले आहेत हे चौकोनावरून कळत नाही. सर्वाधिकारी खात्याने चालणारा जॉब ज्याला बदलता येतो, तो सर्वाधिकारीच असतो. त्याच्या भूमिकेचे नाव 'लिपिक' असले तरी.

मुखत्यारीची ही उपमा केवळ अलंकारापुरती नाही. भारतीय करार कायदा, १८७२ ने हाच प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधी हाताळलेला आहे. कलम २०१ प्रमाणे मालकाने अधिकार काढून घेतल्यास, काम पूर्ण झाल्यास अथवा मालकाचा मृत्यू झाल्यास मुखत्यारी संपते. कलम २०८ म्हणते की मुखत्याराच्या बाबतीत ही समाप्ती त्याला ती कळल्यापासून अमलात येते. आणि कलम २०९ प्रमाणे मालक मरण पावला वा त्याची बुद्धी भ्रष्ट झाली तर मुखत्याराने आपल्याकडे सोपविलेल्या हितांच्या रक्षणासाठी वाजवी ती पावले उचलावयाची असतात. जॉब शेड्युलरला यातील प्रत्येक कलम लागू करून पाहावे. वापरकर्त्याचे खाते बंद झाले, हे शेड्युलरला केव्हा कळते? दर वेळी जॉब चालविण्यापूर्वी तो विचारतो, की जुन्या माहितीवर चालतो? चालू असलेला जॉब अर्ध्यावर तोडावयाचा की पूर्ण होऊ द्यावयाचा? पगारपत्रकाचा जॉब लिहिणाऱ्या लिपिकाची २८ तारखेला बदली झाली म्हणून ३० तारखेला सर्वांचे पगार थांबावेत काय?

शेवटच्या प्रश्नावर अडखळणे स्वाभाविक आहे. अधिकार जाताच जॉब थांबावा, हे सुरक्षेचे उत्तर. काम खोळंबू नये, हे प्रशासनाचे उत्तर. दोन्ही उत्तरे समर्थनीय आहेत आणि म्हणूनच निर्णय चाचणीकाराच्या कक्षेत येत नाही. चाचणीला अपेक्षित निकाल आधी माहीत असावा लागतो. जेथे संस्थेने धोरणच ठरविलेले नाही तेथे चाचणीकार प्रणाली जशी वागते तोच अपेक्षित निकाल म्हणून लिहून टाकतो, आणि चाचणी उत्तीर्ण होते. ही पद्धत सर्रास आढळते आणि ती आक्षेपार्ह आहे. धोरण नसेल तर तसे अहवालात नोंदवावे, तो चौकोन कोरा ठेवावा आणि त्यावर प्रशासनाची स्वाक्षरी मागावी. पगारपत्रकाच्या जॉबचा मालक व्यक्ती नसून पद असावे, हा साधा उपाय अशाच कोऱ्या चौकोनातून पुढे येतो.

क्रम, घड्याळ आणि नोंदी

यावरून चाचणीची मांडणी कशी बदलावी हे दिसू लागते. चाचणीचा घटक चौकोन न राहता घटनाक्रम व्हावा : लिहिणे, अधिकार बदलणे, चालणे. या तीन घटनांचे क्रम बदलून, मध्ये खाते बंद करून, भूमिका उतरवून, पासवर्ड बदलून, जॉबची मालकी दुसऱ्याकडे देऊन पाहावे. लिनक्सच्या सामान्य मांडणीत केवळ पासवर्ड बंद केल्याने क्रॉनचे जॉब थांबत नाहीत; अशी 'बंद' या शब्दाची किती रूपे प्रणालीत आहेत, तितके क्रम तपासावे लागतात. संख्या वाढेल हे खरे. शिवाय मायकल हॅरिसन, वॉल्टर रुझो व जेफ्री उलमन यांनी १९७६ मध्ये सिद्ध केल्याप्रमाणे, परवानग्या बदलू शकणाऱ्या प्रणालीत एखादा अधिकार पुढे कधी नको त्याच्या हाती जाईल की नाही, हे सर्वसाधारण स्थितीत यांत्रिक रीतीने ठरविताच येत नाही. तेव्हा सर्व क्रम तपासण्याचा अट्टहास व्यर्थ आहे. परंतु कार्यालयात प्रत्यक्ष घडणारे क्रम, म्हणजे बदली, बढती, निवृत्ती, दीर्घ रजा, निलंबन, मोजके आहेत आणि ते प्रत्येक आस्थापना विभागाला पाठ असतात. चाचणीकाराने त्या विभागात जाऊन बसावे.

घड्याळाचा प्रश्नही येथे येतो. चाचणीसाठी महिनाअखेरीपर्यंत थांबता येत नाही, म्हणून घड्याळ हाताने पुढे सरकविता येईल अशी सोय प्रणालीत हवी. ती नसेल तर मुदतीच्या परवानग्यांची चाचणी बहुधा होतच नाही. भारतीय संदर्भात यात एक खाच आहे. '३१ मार्चपर्यंत' दिलेली परवानगी प्रणालीने जागतिक प्रमाणवेळेत साठविली असेल तर ती येथे १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचला संपते. आर्थिक वर्ष संपल्यानंतरचे हे साडेपाच तास रात्रीच्या जॉबचे ऐन कामाचे तास असतात.

जॉब कोणाच्या नावाने चालला, हे पडद्यावर विचारू नये. जॉबकडूनच वदवून घ्यावे. आपली ओळख छापण्यापलीकडे काहीही न करणारा एक जॉब चाचणीसाठी पुरेसा असतो. नोंदवहीत मात्र तीन नावे हवीत : लिहिणाऱ्याचे, सुरू करणाऱ्याचे आणि ज्याच्या अधिकाराने चालला त्याचे. एकच नाव ठेवणाऱ्या प्रणालीत गैरप्रकार झाल्यास चौकशी तेथेच खुंटते.

प्रयोगशाळेतील शक्यता

महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत चाचणी हा विषय बहुधा लॉगिनच्या पडद्यावर चुकीचा पासवर्ड टाकून पाहण्यापाशी सुरू होतो व पुष्कळदा तेथेच संपतो. प्रस्तुत विषयाचे प्रात्यक्षिक घेण्यास मात्र डेबियन अथवा उबुंटूचा एक साधा संगणक आणि एक तासिका पुरते. एक नवे खाते उघडून त्याच्या वेळापत्रकात दर मिनिटाला आपली ओळख व वेळ एका सर्वांना लिहिता येणाऱ्या फाईलमध्ये लिहिणारा जॉब ठेवावा. मग प्रशासकाने ते नाव क्रॉन.डिनायमध्ये घालावे. विद्यार्थ्याने त्या खात्यातून आपले वेळापत्रक पाहण्याचा प्रयत्न केल्यास नकार येईल. फाईलमध्ये मात्र दर मिनिटाला एक ओळ वाढतच राहील.

यानंतर खाते काढून टाकावे आणि येथे वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने डेलयूजर ही आज्ञा वापरावी, दुसऱ्याने यूजरडेल. दोन्ही आज्ञा एकाच संगणकावर आहेत, दोहोंचा अर्थ एकच, नावांतील शब्दांचा क्रम तेवढा उलटा. पहिली आज्ञा खात्याबरोबर त्याचे वेळापत्रकही काढून टाकते. दुसरी, मूळ मांडणीत, ते तसेच ठेवते. क्रॉनला मग धनी नसलेले वेळापत्रक सापडते, ते तो चालवीत नाही आणि आपल्या नोंदवहीत त्या नावापुढे इंग्रजीत 'ऑर्फन' असा शेरा मारतो. वेळापत्रक मात्र तेथेच पडून असते. पुढे त्याच नावाचे व त्याच क्रमांकाचे खाते दुसऱ्या कोणासाठी उघडले गेले तर पहिल्याने लिहिलेला जॉब दुसऱ्याच्या नावाने पुन्हा चालू लागतो. दुसऱ्या गटातील विद्यार्थ्यांनी हे खाते उघडून फाईलकडे एक मिनिट पाहत बसावे.